एकाचा तरी हात राहू दे

१

पेशंट डोळ्यांनी नाही, बोटांनी बघायचा, असं आमच्या मेट्रनबाई सांगत. विमानात ते काळ्या दगडावरच्या रेघेसारखं खरं ठरतं. इंजिनच्या घरघरीत स्टेथोस्कोप बिनकामाचा, खिडक्या बशीएवढ्या. म्हणून बोटं. कवटीच्या मागून सुरुवात करायची, मग गालाची हाडं, जबडा, मान, फासळ्या, असं करत पायाच्या अंगठ्यापर्यंत जायचं. वस्तीवर एकदा, हवेत स्थिर झाल्यावर एकदा, हॉस्पिटलच्या ताब्यात देण्याआधी एकदा. तिन्ही वेळा उत्तर एकच यायला हवं. माणूस विमानात झोपल्या झोपल्या नव्याने मोडत नाही.

दूरच्या वस्त्यांवरून पेशंट आणणारं आमचं विमान लहान. पुढे पायलट, मागे स्ट्रेचर, त्याच्या पायथ्याशी माझी खुर्ची आणि तिच्यामागे सोबत येणाऱ्या नातेवाइकाची. चढताना आणि उतरताना प्रत्येकाने आपापल्या पट्ट्यात बसायचं, हात मांडीवर. त्या वेळी माझा हात पेशंटपर्यंत पोचत नाही. नुसतं बघायचं.

"आज कोण?" मी विचारलं.

"बाई पडली म्हणे," कॅप्टन म्हणाले. मी त्यांना कॅप्टन म्हणते, ते मला पुढारीणबाई.

"पडली! नेहमी पडतातच. त्या वस्त्यांमधल्या उंबरठ्यांना मुठी फुटल्यात का हो? आणि आपण काय करतो? टाके घालतो आणि त्याच घरात परत पाठवतो. ही माणसं या जमिनीवर सगळ्यांच्या आधीपासून राहतात आणि रस्ता, डॉक्टर, पोलीस, सगळं त्यांच्याकडे सगळ्यांच्या शेवटी पोचतं. ती धावपट्टीसुद्धा त्यांनीच दगड वेचून केली. आपण वरून उतरायचं आणि उपकार केल्यासारखं तोंड करायचं."

"झालं? टाळ्या वाजवल्या असत्या, पण दोन्ही हात कामात आहेत. हातमोजे घाला. ते तुमचे, बाहुलीचे."

सगळ्यात लहान मापाचे मोजेही मला सैल होतात. यावर ते रोज तोच विनोद करतात आणि मी रोज हसते. त्या दिवशी हसले नाही. त्या बाईला घरी परत जाऊ द्यायचं नाही, असं मी उतरण्याआधीच ठरवून टाकलं होतं.

२

दवाखाना म्हणजे पत्र्याची एक खोली. दार उघडलं आणि आधी मला भिंत दिसली. माणसाच्या डोक्याच्या उंचीवर पत्रा आतून बाहेर चेपला होता. एका जागी नाही, ओळीने. औषधांच्या कपाटाचं दार बिजागरीतून उपटून पडलेलं. जमिनीवर कुणीतरी रक्त पुसलं होतं, पण घाईत, फक्त मधलं.

खाटेवर ती होती. खाटेभोवती सहा-सात माणसं बसली होती आणि प्रत्येकाचा हात तिच्या अंगावर होता. घोट्यावर, गुडघ्यावर, पोटावर. डोक्याशी एक म्हातारी कपाळावर तळवा टेकून बसली होती. तिचं डोकं पेंगून छातीवर आलं होतं, पण हात जागचा हलला नव्हता. कुणी बोलत नव्हतं, रडतही नव्हतं.

खांद्यावर हात ठेवून बसलेला माणूस नवरा असणार, हे मी ओळखलं. त्याच्या दोन्ही मुठींची सालटी निघाली होती.

"दाबून कशाला धरलंय तिला?" मी ओरडले. "हात काढा. सगळ्यांनी."

त्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

"सगळेच काढू?" म्हातारीने विचारलं. जिना मोडलेल्या माणसाने 'आता उडी मारू?' असं विचारावं, तसा आवाज.

"आत्या, थांब," नवरा म्हणाला. "ताई, एकाचा तरी राहू दे."

मी वाकून तिच्या मानेवर नाडीसाठी बोटं ठेवली. आणि त्याच क्षणी बाकीचे हात उठले. एकामागून एक, ओझं उतरवावं तसे. बोटं आखडलेली होती. आत्या आपलं मनगट चोळत भिंतीशी सरकली आणि बसल्या जागी तिचे डोळे मिटले.

मी बोटांनी बघितलं. उजव्या बाजूच्या दोन फासळ्या मोडलेल्या. ओठ फाटलेला, डावा डोळा सुजून बंद. मांड्यांवर काळेनिळे डाग, जुन्यांवर नवे. गालाची हाडं शाबूत, जबडा शाबूत, हाताची बोटं शाबूत. सगळं मनात पक्कं केलं. दुसऱ्या हाताने सलाइन जोडताना माझी मानेवरची बोटं तिथेच राहिली, ती केवळ सवयीने.

"कशावर पडली?" मी नवऱ्याला विचारलं.

तो चेपलेल्या पत्र्याकडे बघत राहिला. "सांगितलं तर घेऊन जाणार नाही तुम्ही."

"तुझ्या मुठींना काय झालं?"

"मीही मारलं," तो म्हणाला. "लागतं का ते कळत नाही. पण मारलं."

एवढं मला पुरे होतं. कुणालाही पुरलं असतं.

३

धावपट्टीवर तो स्ट्रेचरची दांडी धरून चालत होता. दुसरा हात तिच्या दंडावर.

"तू येणार नाहीस," मी म्हटलं. "सोबत कोण येणार हे मी ठरवते. आत्या चालतील."

"आत्याला झोप आवरत नाही आता. मलाच न्या. कोपऱ्यात बसतो, तोंड उघडणार नाही. फक्त हात."

"तेच हात नकोत मला तिच्याजवळ."

"ताई, मग तुमचा ठेवा. अजिबात उचलू नका."

"नर्स आहे मी. दिवसभर हातच लावते लोकांना."

स्ट्रेचर आत सरकवलं तरी त्याने दांडी सोडली नाही. कॅप्टननी कमरेला धरून त्याला ओढलं. तो लाथा झाडत होता, शिव्या देत नव्हता, नुसतं 'नको, नको' म्हणत होता. मी तिच्या पायांना रेलून त्याची बोटं दांडीवरून सोडवली. ते तंत्र आम्हाला शिकवलेलं असतं: करंगळीपासून सुरुवात करायची, उलट्या दिशेला दाबत एकेक बोट उघडायचं. चौथ्या बोटाला काहीतरी कट्कन वाजलं आणि तो मागे कोसळला. त्याच्या नाकातून रक्त यायला लागलं. कॅप्टनचं कोपर लागलं होतं.

मला वाईट वाटलं नाही. खरं सांगायचं तर बरं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदाच एखादा मारणारा माणूस मातीत पडलेला बघत होते.

तोल सावरायला तिच्या घोट्यावर हात टेकवत दुसऱ्या हाताने दार लावलं. खिडकीतून तो दिसत होता. विमानाबरोबर धावत होता, हात पुढे करून, जणू काचेतून त्याला आत हात घालता येणार होता.

४

"पट्टा," कॅप्टन हेडफोनमधून म्हणाले.

मी तिच्या घोट्यावरचा हात काढला, खुर्चीत बसले, पट्टा लावला.

चाकं जमिनीवरून सुटण्याआधीच आवाज आला. मऊ आणि जड. ओल्या पोत्यावर काठी मारावी तसा. विमानात पेटी सुटली, सामान आपटलं, तर असा आवाज येतो. मी मान वळवून पेट्यांकडे पाहिलं. सगळ्या जागच्या जागी होत्या. पुन्हा आवाज आला. मॉनिटरवरची रेघ उसळली. तिचं डोकं डाव्या बाजूला झटक्याने वळलं. मग उजव्या. मग डाव्या.

खड्ड्यांची पट्टी आहे, मी स्वतःला सांगितलं. धक्के बसतातच.

पण चाकं सुटली, धक्के थांबले, आणि तिचं डोकं वळतच राहिलं. डावीकडे, उजवीकडे. तोंडातून लाल थुंकीचा धागा आधी एका बाजूला उडाला, मग दुसऱ्या.

"मागे काय चाललंय?" कॅप्टन म्हणाले. "शेपूट जड लागतेय."

पट्ट्यात बसायची वेळ संपायच्या आत मी तो काढला आणि तिच्या कपाळावर हात ठेवला. डोकं थांबलं. इतकं एकदम, की माझाच तोल गेला.

बोटांनी बघितलं. उजव्या गालाचं हाड आत गेलं होतं. अंगठ्याखाली ते चुरचुरलं, अंड्याच्या कवचासारखं. जबडा एका बाजूला सरकला होता.

वस्तीवर माझं चुकलं असेल. सूज आली की हाड कळत नाही. झटका आला असेल, मेंदूला मार असेल. मी एकेक कारण काढत गेले आणि प्रत्येक कारण चांगलं होतं. फक्त एवढंच, की सूज कधीच हाड आत ढकलत नाही.

५

हात ठेवला होता तोवर सगळं ठीक होतं. नाडी सुधारली. ढग खाली राहिले. ती शुद्धीवर आली तेव्हा मी तिच्या कानांवर हेडफोन चढवला.

"माझा नवरा कुठाय?" तिने विचारलं. शब्द फाटक्या ओठांतून गळत होते.

"इथे नाही. घाबरू नकोस. तो आता तुला हात लावणार नाही."

तिच्या उघड्या डोळ्यात जे आलं, ते सुटका झालेल्या माणसाचं नव्हतं.

"का नाही आणलं?"

"मारतो ना तो तुला?"

ती हसली. मोडक्या जबड्याने हसणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. "तो? कोंबडी कापायची तर शेजाऱ्याला हाक मारतो. सिस्टर, झोपेत त्याचा हात सुटला. एवढंच केलं त्याने."

"मग कोण मारतं?"

तिचा डोळा माझ्यावरून सरकून माझ्या मागे, रिकाम्या खुर्चीकडे गेला. मग झटकन परत आला, आणि तिने ओठ घट्ट मिटून घेतले.

मी वळून पाहिलं. खुर्ची रिकामी होती. तिचा पट्टा जमिनीवर लोंबत होता.

मी शिकलेली मुलगी आहे. शंका आली की तपासून बघायची, हेच शिकले. आणि मला धीर नाही, कधीच नव्हता. तिला न सांगता मी हात उचलला. फक्त वीतभर.

तिने चादर मुठीत धरली होती. त्या मुठीची करंगळी उठली. सावकाश, उलट्या दिशेला, पार मनगटाकडे वाकत गेली आणि कट्कन वाजली. मग तिच्या शेजारचं बोट. घाई नव्हती. करंगळीपासून सुरुवात, एकेक करत. ही पद्धत मला माहीत होती. तासाभरापूर्वी मीच कुणावर तरी ती वापरली होती.

तिची किंकाळी हेडफोनमधून कॅप्टनच्याही कानात गेली. विमान डुचमळलं. मी दोन्ही हातांनी तिचा हात झाकला आणि मधलं बोट अर्ध्यावर थांबलं.

"काय केलंस तू तिला?" कॅप्टन ओरडले. पहिल्यांदाच मला अगं-तुगं करून.

"मी नाही," मी म्हटलं. आणि नवऱ्याने हे किती जणांना सांगितलं असेल, ते मनात आलं.

६

"उतरतोय. पट्टा."

"नाही लावणार."

"पुढारीणबाई, चेष्टा नको. आडवा वारा आहे. छताला आपटून मान मोडेल."

"मोडू दे. मी हिला सोडत नाही."

त्यांनी शिव्या दिल्या. मी स्ट्रेचरशी गुडघ्यांवर बसले, एक हात दांडीत अडकवला, दुसरा तिच्या मानेखाली. खिडकीत जमीन तिरपी येत होती. चाकं टेकली, उसळली, पुन्हा टेकली, आणि मी उडाले. डोकं पेटीच्या कडेवर आपटलं. भुवईतून गरम काहीतरी डोळ्यात आलं.

हात सुटला होता.

रक्तातून पाहिलं ते एवढंच: तिच्या छातीवरच्या चादरीला खड्डा पडला होता. गोल, गुडघा टेकल्यासारखा. तो खोल होत चालला होता. स्ट्रेचरची गादी तिच्यासकट खाली दबली होती, तिच्यासारख्या दोघी-तिघी तिच्यावर बसल्यासारखी. फासळ्या वाजल्या. ओली लाकडं वाजावीत तशा. तिचं तोंड उघडं होतं, पण त्यातून आवाज निघायला आत हवाच नव्हती.

मी रांगत गेले. माझी बोटं तिच्या पावलाला लागली आणि गादी उसळून वर आली.

विमान थांबल्यावर कॅप्टन मागे आले. मला वाटलं, ओरडतील. त्यांचा चेहरा राखेसारखा होता.

"टेकताना तू कुठे होतीस?"

"इथेच. जमिनीवर."

"कुणीतरी मागून पुढे चालत आलं," ते म्हणाले. "या विमानाचं वजन सरकलं की मला माझ्या पाठीत कळतं."

मी तिच्या पावलावरचा हात दाखवला. त्यांनी त्या हाताकडे पाहिलं, मग त्या वाकड्या बोटांकडे.

"कॅप्टन, त्याला घेऊन या. आत्ता. त्या माणसाला सांगा, माझं चुकलं."

"ते तूच सांग त्याला," ते म्हणाले. "इंधन भरतो आणि निघतो. दिवस मावळायच्या आत आणतो. तोवर सोडू नकोस."

७

हॉस्पिटल धावपट्टीला लागूनच. मी तिचा चांगला हात धरून स्ट्रेचरबरोबर चालत गेले. डॉक्टर हसले, "सिस्टर, आता ती आमची." मी हसले, सोडला नाही. तपासलं, रक्त चढवलं, सुया टोचल्या, आणि मी प्रत्येकाच्या आडवी येत तिथेच उभी राहिले. कुणीतरी माझ्या भुवईला टाके घातले, तेही उभ्यानेच.

मग म्हणाले, छातीचा एक्स-रे.

मी इतक्या वेळा पेशंट त्या खोलीत पोचवलेत. तरी लक्षात आलं नव्हतं. जाड दार, त्यावर लाल दिवा, आणि नियम: फोटो काढताना पेशंटशिवाय आत कुणी थांबायचं नाही.

"चला बाहेर," फोटो काढणारा भाऊ म्हणाला. तरुण, उत्साही, च्युइंगम चघळणारा. "लग्न जमलंय माझं, मला पोरंबाळं हवीत. तुम्हालाही हवी असतील."

"मला शिशाचा कोट द्या. मी थांबते."

"सिस्टर, नियम आहे."

"नियम माझ्याकडून घ्या पाठ करून. कोट द्या."

त्याने खांदे उडवले, कोट दिला, दार लावून काचेच्या पलीकडे गेला. लाल दिवा लागला असणार. आतून दिसत नाही. मी टेबलाशी उभी राहून तिचा एक हात माझ्या दोन्ही हातांत घेतला. तिचा श्वास शिटीसारखा वाजत होता. उघडा डोळा छताकडे होता.

"आणायला गेलेत त्याला," मी सांगितलं. तिने माझी बोटं दाबली.

यंत्र गुरगुरलं, थांबलं. भिंतीवरच्या स्पीकरमधून भाऊचा आवाज आला.

"सिस्टर, तिच्या छातीवरचा हात काढा. फोटोत येतोय."

मी माझ्या हातांकडे पाहिलं. दोन्ही तिथेच होते. तिच्या हाताभोवती, टेबलाच्या कडेला.

"परत काढतो. हात काढा म्हटलं ना. अख्खी छाती झाकलीय." च्युइंगम चघळणं थांबलं. "केवढा हात आहे हो तुमचा?"

तोवर मी धरून चालले होते की माझा हात असला म्हणजे ते नसतं. तसं नव्हतं. हात असला म्हणजे ते थांबतं, एवढंच. तिच्या छातीवर तळवा टेकून थांबतं. वस्तीपासून ते तसंच थांबून आलं होतं, आमच्याबरोबर, विमानातून.

"भाऊ, दिवा चालू ठेव," मी म्हटलं. "कुणाला आत पाठवू नकोस. आणि मला बाहेर बोलावू नकोस."

"हे बघा, वॉर्डबॉय बोलावतोय मी. हे काही बरोबर नाही."

"बोलाव, पण त्यांना सांग, येऊन तिला हात लावा. सगळ्यांनी. मला ओढू नका."

स्पीकर बंद झाला. खोलीत यंत्राचा पंखा आणि तिचा श्वास. मग माझ्या डाव्या करंगळीखाली काहीतरी शिरलं. थंड नव्हतं, गरमही नव्हतं. माणसाच्या बोटासारखं, पण जाड. त्याने करंगळी उचलली. मी घट्ट धरलं. करंगळी मागे जात राहिली. कट्. दुखणं खांद्यापर्यंत आलं आणि माझ्या तोंडातून आलं ते, "सोडा! मी सांगितलं ना ओढू नका! एकाचा तरी हात राहू दे!"

स्पीकर पुन्हा लागला. भाऊचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"सिस्टर, अजून कुणी आलेलं नाही. दार बंद आहे."

दुसरं बोट उठलं.

मी हात सोडला. सोडला आणि तो मोकळा झालेला क्षण भरायच्या आत टेबलावर चढून तिच्यावर पालथी पडले. गाल तिच्या मोडक्या गालावर, छाती तिच्या छातीवर, पाय तिच्या पायांवर, शिशाचा कोट दोघींवर. मध्ये काही शिरायला जागा राहणार नाही अशी. तिच्या फासळ्या माझ्याखाली हलल्या. तिने मोडकी बोटं माझ्या केसांत खुपसली आणि मुठीत धरलं.

पाठीवर पहिला फटका बसला तेव्हा दात जिभेत रुतले. दुसऱ्याला काहीतरी आत तुटलं. तोंडात रक्त भरलं आणि त्या आवाजांच्या मध्ये, भिंतीपलीकडून, मला ओळखीची घरघर ऐकू आली. आमचं विमान.

मी कान देऊन ऐकलं. आवाज लहान होत चालला होता. ते आत्ता कुठे निघालं होतं.